दैवी आपत्ती कशास म्हणावे?

समुद्र आपली मर्यादा सोडीत नाही, ही आपल्या लोकांची फार जुनी समजूत आहे. एखाद्या सत्पुरुषाच्या धीरगंभीर वृत्तीचे वर्णन करावयाचे झाले म्हणजे हरिदासबुवा हटकून समुद्राची उपमा काढतात, आणि नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ वाहून आमचे कोळी बंधू त्याच मर्यादेची त्याला दरसाल आठवण करून देतात. या श्रद्धेची थट्टा करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. भल्या पहाटे जो मनुष्य मचवा पाण्यात लोटतो त्याच्या श्रद्धेची थट्टा पेढीवरच्या गादीला टेकून बसणाऱ्याने करूच नये. परंतु २६ डिसेंबर २००४ रोजी समुद्राने मर्यादा सोडली, चौदा देशांतील सुमारे सव्वादोन लाख माणसे त्याने ओढून नेली, आणि त्यांपैकी दहा हजारांहून अधिक आमच्या हिंदुस्थानातील होती. या अनर्थाची गोष्ट निघाली की चार शहाणे लोक सुस्कारा टाकून ‘ईश्वरेच्छा बलीयसी’ असे म्हणतात व पुढच्या विषयाकडे वळतात. हा सुस्कारा आम्हांस मान्य नाही, व तो का मान्य नाही हे सांगण्यासाठीच आजचा लेख आहे.

इंग्रजी कायद्यात, व त्याच्या पावलावर पाऊल ठेवून आपल्याकडील न्यायालयांतही, ‘दैवी आपत्ती’ नावाचा एक बचाव आहे, हे सागरी विम्याचे कागद हाताळणाऱ्या आमच्या व्यापारी वाचकांस ठाऊकच असेल. मात्र हा बचाव कोणीही उठावे आणि पुढे करावा असा नाही. जी गोष्ट मनुष्याच्या वाजवी दूरदृष्टीस दिसण्यासारखी नव्हती, व वाजवी काळजी घेऊनही टळण्यासारखी नव्हती, तीच दैवी. १८७६ साली विलायतेतील एका बाईच्या जमिनीवरील शोभेची तळी असामान्य पावसाने फुटली व खालचे पूल वाहून गेले, तेव्हा न्यायाधीशांनी तिला या बचावाचा लाभ दिला. पण १९१७ साली एका स्कॉटिश नगरपालिकेने ओढ्याचा मार्ग अडवून मुलांना डुंबण्यासाठी तळे बांधले, पाऊस असामान्य पडला, पाणी रस्त्यावर येऊन रेल्वे कंपनीचे नुकसान झाले, आणि नगरपालिका देवाकडे बोट दाखवू लागली. तेव्हा लॉर्डांच्या सभेने ते बोट तिच्याकडेच वळविले. तात्पर्य असे की दैवाची हद्द मनुष्याच्या ज्ञानाबरोबर मागे मागे सरते. काल जे दैवी होते ते उद्याही दैवीच राहील असे नाही.

या बाबतीत आपल्याच देशात एकदा मोठा वाद झाला होता. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात भयंकर भूकंप झाला. अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने केलेले हे शासन होय, असे महात्माजींनी म्हटले. रवीन्द्रनाथ ठाकुरांनी त्याचा स्पष्ट निषेध केला. सृष्टीतील घडामोडींना नैतिक कारणे चिकटविल्याने लोकांची अविचारी वृत्ती बळावते, असा त्यांचा आक्षेप होता, आणि महात्माजींच्या मनाचा मोठेपणा असा की त्यांनी तो निषेध आपल्या ‘हरिजन’ पत्रात छापला. अस्पृश्यता हे पाप होते याविषयी आम्हांस लेशमात्र शंका नाही. परंतु ते पाप ठरविण्यास भूकंपाची साक्ष काढण्याचे कारण नव्हते. आणि अशी साक्ष एकदा काढली म्हणजे उद्या दुसरा कोणी उठून अस्पृश्यता मोडली म्हणून भूकंप झाला असे म्हणावयास मोकळा! महात्माजींविषयीचा आमचा आदर यत्किंचितही कमी न करता या एका मुद्द्यावर आम्ही कविवर्यांच्या बाजूचे आहो.

तर मग ही लाट येते कशी? आमची अशी विनंती आहे की वाचकांनी हा भाग कंटाळा न करता वाचावा, कारण पुढचा सारा वाद याच्यावर उभा आहे.

पृथ्वीचे कवच अखंड नाही; ते लहानमोठ्या भूपट्टांचे झालेले आहे, आणि हे भूपट्ट वर्षाकाठी काही सेंटिमीटर इतक्या मंद गतीने सरकत असतात. ज्या भूपट्टावर आपला देश बसला आहे तो सुमात्रा, निकोबार व अंदमान यांच्या पश्चिमेस समुद्राखाली शेजारच्या भूपट्टाच्या पोटात शिरत असतो. शिरणे सुखासुखी होत नाही. दोहोंच्या कडा एकमेकींत अडकून बसतात, खालचा भूपट्ट ओढीत राहतो, वरच्याची कड धनुष्यासारखी वाकत जाते, आणि हा ताण शतकानुशतके साचतो. एके दिवशी अडसर सुटतो. २००४ साली तो आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी साडेसहाच्या सुमारास सुटला, आणि भेग सुमात्रापासून उत्तरेस अंदमानापर्यंत, म्हणजे मुंबईहून दिल्लीइतक्या लांबीची, काही मिनिटांत फाटत गेली. वाकलेली कड सुटून उसळली. समुद्राचा तळ कोठे काही हात वर आला, तर जमिनीच्या बाजूस खाली बसला.

पाण्याने भरलेली पातळ पत्र्याची परात घ्या आणि तिच्या बुडास खालून एक ठोसा द्या. पृष्ठभागावर फुगवटा दिसतो आणि तोच चहूकडे पसरतो. समुद्रातही हेच होते. वाऱ्याने उठणारी लाट ही पृष्ठभागाची खळबळ आहे. थोडे खोल गेले की तिचे नावही उरत नाही. त्सुनामीत तळापासून माथ्यापर्यंतचे सगळेच्या सगळे पाणी हालते. दोहोंना आपण एकच ‘लाट’ हा शब्द लावतो, ही भाषेची गरिबी होय. आणि तिला ‘भरतीची लाट’ म्हणणे तर निव्वळ चूक, कारण चंद्राचा हिच्याशी कोणताही संबंध नाही.

प्रत्येक सागरी भूकंप अशी लाट उठवीत नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे. तळ वरखाली झाला तरच पाणी उचलले जाते. दोन खडक नुसते आडवे एकमेकांवर घासत गेले तर पाण्यास फारसे कळतही नाही. ११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्रानजीकच ८.६ प्रतीचा प्रचंड भूकंप झाला. किनाऱ्याकिनाऱ्यावर लोक भयाने उंच जागी पळाले. पण तेथे खडक आडवे सरकले होते, म्हणून लाट उठली ती अगदी क्षुल्लक. आठ वर्षांपूर्वी त्याच प्रदेशात लाखो मेले आणि या वेळी लाटेने कोणास ओढून नेले नाही, यात पापपुण्याचा हिशेब कोणी मांडून दाखवावा असे आमचे आव्हान आहे.

ही लाट किती वेगाने धावते हे सर्वस्वी पाण्याच्या खोलीवर अवलंबून असते. चार हजार मीटर खोल समुद्रात तिचा वेग ताशी सातशे किलोमीटर, म्हणजे विमानाच्या तोडीचा. पन्नास मीटर पाण्यात तो ऐंशीवर येतो. किनाऱ्याजवळ दहा मीटर पाण्यात जेमतेम छत्तीस. खोल पाण्यात तिची उंची हातभर, दीड हात. २००४ साली वरून जाणाऱ्या एका उपग्रहाने हिंदी महासागरात ती मोजली तेव्हा ती सुमारे साठ सेंटिमीटर भरली. मात्र तिच्या एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंतचे अंतर शंभर-दोनशे किलोमीटर असल्यामुळे खलाशास ती जाणवतही नाही. उथळ पाण्यात पुढचा भाग मंदावतो, मागचा अद्याप वेगात असतो, मागून येणाऱ्या गर्दीने पुढच्यांना रेटावे तसे पाणी पाण्यावर चढते आणि हातभर लाटेचा डोंगर होतो. जपानात १८९६ साली सानरिकू किनाऱ्यावरचे कोळी रात्री समुद्रात मासेमारी करीत होते. त्यांच्या होड्यांखालून ती लाट गेली आणि त्यांना तिचा पत्ताही लागला नाही. सकाळी परत येतात तो बंदरात घरांची लाकडे आणि आप्तांची प्रेते तरंगत होती! त्या एका रात्रीत बावीस हजारांच्या आसपास माणसे गेली. जपानी भाषेत ‘त्सु’ म्हणजे बंदर आणि ‘नामी’ म्हणजे लाट. खुल्या दर्यात न दिसणारी व बंदरातच दिसणारी लाट, असा त्या शब्दाचा अर्थ किती यथार्थ आहे हे त्या कोळ्यांनीच सांगावे.

आता आपल्या घराकडे येऊ. हे सर्व पूर्व किनाऱ्याचे दुखणे, आमचा अरबी समुद्र शांत, असे मुंबई-कोकणातील पुष्कळ सुशिक्षित गृहस्थ समजतात. त्यांना २८ नोव्हेंबर १९४५ हा दिवस ठाऊक नसावा. त्या पहाटे आपल्या घड्याळाप्रमाणे साडेतीनच्या सुमारास मकरानच्या किनाऱ्याजवळ, पसनी गावाच्या दक्षिणेस, समुद्राखाली ८.१ प्रतीचा भूकंप झाला. तेथेही एक भूपट्ट दुसऱ्याच्या पोटात शिरतो आहे. समुद्राखालील तारा तुटल्या, पाण्यातून चिखलाची बेटे वर आली, आणि पसनी-ओरमाराच्या वस्त्या लाटेने धुऊन काढल्या. ती लाट तेथेच थांबली नाही. अकराशे-बाराशे किलोमीटर तुडवीत ती मुंबईस पोहोचली ती सकाळी सव्वाआठच्या सुमारास. येथे तिची उंची सुमारे दोन मीटर होती, आणि वर्सोवा, जुहू, हाजीअली या बाजूंस माणसे वाहून गेल्याच्या नोंदी आहेत.

साडेतीन ते सव्वाआठ. वाचकहो, या दोन वेळांकडे पुन्हा एकदा पाहा. मध्ये पावणेपाच तास आहेत! इतका वेळ का मिळाला याचेही उत्तर वर सांगितलेल्या हिशेबातच आहे. मुंबईसमोर समुद्राचा तळ फार दूरवर, सुमारे तीनशे किलोमीटरपर्यंत, उथळ पसरलेला आहे. त्या उथळ पाण्यात लाट अडखळत येते. याच्या उलट बंगालचा उपसागर खोल; म्हणून २००४ साली मद्रासचा किनारा गाठण्यास लाटेस अडीच तासच पुरले. आणि निकोबारच्या लोकांना? त्यांच्या पायाखालीच भेग फाटली होती. त्यांना मिळाली केवळ काही मिनिटे.

आता आमचा कायद्याचा काटा या तीन तारखांना लावून पाहू. १९४५ साली अरबी समुद्रात लाटेची पूर्वसूचना देणारी यंत्रणा अस्तित्वात नव्हती. भूकंप नोंदणारी यंत्रे होती, पण त्या नोंदीवरून लाटेचा अदमास बांधून गावोगाव कळविणारे कोणी नव्हते. तेव्हा १९४५ च्या प्रेतांना ‘दैवी’ हा शब्द लावावयास आमची हरकत नाही. २००४ साली ती सबब निम्मी उरली होती. पॅसिफिक महासागरासाठी हवाई बेटात पूर्वसूचनेचे केंद्र १९४९ पासून चालू होते. त्याने भूकंपानंतर पंधरा मिनिटांत आपल्या परिघातील राष्ट्रांना सूचना धाडली, पण हिंदी महासागराच्या किनाऱ्यावर ती कोणास धाडावी याची व्यवस्थाच कोणी केलेली नव्हती. आपल्याकडे तर दिल्लीहून निघालेली भूकंपाची पहिली वर्दी चुकून माजी मंत्र्यांच्या ठिकाणी गेली, असे त्या वेळी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. लाट ताशी सातशे किलोमीटरने धावत होती आणि आमचा कागद जुन्या पत्त्यावर जात होता!

त्यानंतर मात्र देशाने जे केले त्याचा अभिमान बाळगावा असेच ते आहे. ऑक्टोबर २००७ पासून हैदराबादेस स्वतःचे त्सुनामी पूर्वसूचना केंद्र चालू झाले. भूकंपाची नोंद, समुद्रतळावर पाण्याचा दाब मोजणारी यंत्रे व बंदरांतील भरतीमापके यांच्या आधारे ते काही मिनिटांत सूचना काढते, आणि ती आपल्या शेजारच्या राष्ट्रांनाही पुरविते. ज्या देशास परक्या सरकारने दीडशे वर्षे अडाणी ठरविले त्याच्याकडून इतर देश आता समुद्राची वार्ता घेतात, हे लिहिताना आम्हांस जो आनंद होतो तो आम्ही लपवीत नाही.

पण हैदराबादेहून निघालेली सूचना वर्सोव्याच्या, हर्णैच्या, मालवणच्या वाळूवर जाळी सुकविणाऱ्या बाईच्या कानी पडून तिने उचित ते करीपर्यंतचा जो शेवटचा मैल आहे, तो कोणी चालावयाचा? १९६० साली चिलीच्या भूकंपाची लाट हवाई बेटातील हिलो शहरावर आली, तेव्हा केंद्राने काही तास आधी सूचना दिली होती. भोंगे वाजले. लोकांनी ते ऐकलेही. पण भोंग्याचा अर्थ काय, घर आताच सोडावयाचे की दुसऱ्या भोंग्याची वाट पाहावयाची, याविषयी एकमत नव्हते. कित्येक घरीच राहिले, कित्येक मौज पाहावयास किनाऱ्यावर गेले. एकसष्ट माणसे मेली. आता याच्या उलट सुमात्राजवळचे सिमेउलुए बेट घ्या. २००४ साली तेथे केंद्र नव्हते, भोंगा नव्हता, तारयंत्र नव्हते. भेगेपासून ते इतके जवळ होते की लाट काही मिनिटांत आली. वस्ती सत्तर हजारांवर, आणि लाटेने मेले ते दहाच्या आत. याचे कारण असे की १९०७ साली अशाच लाटेने त्या बेटाचा विध्वंस केला होता, आणि तेव्हापासून तेथील आज्या नातवंडांना गोष्टींतून व गाण्यांतून ‘स्मोंग’ हा एकच शब्द शिकवीत आल्या: जमीन जोराने हादरली व समुद्र हटला की डोंगराकडे पळावयाचे, वस्तू गोळा करावयास थांबावयाचे नाही. त्याच दिवशी थायलंडच्या एका किनाऱ्यावर दहा वर्षांच्या एका इंग्रज मुलीने, दोनच आठवडे आधी भूगोलाच्या तासाला शिकलेली लक्षणे पाण्यात ओळखली आणि तिच्या हट्टाने तो किनारा रिकामा झाला.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितलीच पाहिजे. समुद्र आधी मागे हटतो व मग लाट येते, असे आता बरेच लोक जाणतात. परंतु हे अर्धेच सत्य आहे. तळ ज्या बाजूस खाली बसतो त्या बाजूच्या किनाऱ्यावर पाणी प्रथम ओसरते, व ज्या बाजूस तळ उचलला जातो तिकडे लाटेचा माथाच आधी येऊन आदळतो. २००४ साली थायलंडकडे पाणी हटले होते, पण आपल्या पूर्व किनाऱ्यावर पहिल्यांदा आला तो माथाच. तेव्हा समुद्र हटण्याची वाट पाहत जो उभा राहील तो फसेल. तसेच पहिली लाट ही शेवटची नव्हे. पुष्कळदा ती सर्वांत मोठीही नसते. अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतराने लाटा तासन्‌तास येत राहतात, आणि खाडीच्या मुखातून शिरून आतल्या गावांनाही गाठतात. घरची पेटी आणावयास माघारी फिरलेला मनुष्य बहुधा दुसऱ्या लाटेच्या स्वाधीन होतो.

आमच्या व्यापारी बंधूंसाठी एक हकिकत मुद्दाम राखून ठेवली होती. जपानात हिरो नावाच्या गावी सोयाबीनच्या रसाचा पिढीजात व्यापार करणारे हामागुची गोर्यो हे गृहस्थ राहत असत. १८५४ साली संध्याकाळी भूकंप झाला आणि लाट आली. अंधारात लोकांना उंच जागेची वाट दिसेना, तेव्हा या सावकाराने भाताच्या पेंढ्यांच्या गंजींना आग लावून दिली, व त्या उजेडात लोक देवळाच्या टेकडीवर चढले. येथपर्यंतची कथा जगप्रसिद्ध आहे. आम्हांस तिचा उत्तरार्ध अधिक मोलाचा वाटतो. गाव उद्ध्वस्त झाले होते, लोक गाव सोडून निघाले होते. तेव्हा हामागुचींनी स्वतःच्या पैशाने गावकऱ्यांना मजुरीवर लावून चार वर्षांत समुद्राकाठी सुमारे सहाशे मीटर लांब व पाच मीटर उंच बांध घातला. लोकांस पोटाला मिळाले आणि गावास तट मिळाला. १९४६ साली, म्हणजे हा सावकार मरून साठ वर्षे लोटल्यावर, पुन्हा लाट आली; तेव्हा त्या बांधाने गावाचा बराच मोठा भाग वाचविला. ५ नोव्हेंबर हा जागतिक त्सुनामी जागृतीचा दिवस संयुक्त राष्ट्रसंघाने याच हकिकतीवरून ठरविला आहे. आमच्या धनिकांच्या दानधर्माविषयी आम्ही नेहमी चांगलेच लिहीत आलो. संगमरवरी फरशीवर नाव कोरण्याव्यतिरिक्तही धर्म करण्याच्या जागा असतात, एवढेच सुचवितो.

आणि आणखी एका गोष्टीकडे डोळेझाक करणे आम्हांस शक्य नाही. २००४ च्या लाटेने जात विचारली नाही. पण लाट ओसरल्यावर नागपट्टणम व आसपासच्या मदतछावण्यांत दलितांना निराळे बसविल्याच्या, पाण्यास शिवू न दिल्याच्या व वाटपातून वगळल्याच्या तक्रारी आल्या व त्या जगभर छापल्या गेल्या. महात्माजींनी भूकंपात ज्या पापाचे शासन पाहिले ते पाप असे समुद्राच्या तळाशी नव्हे, मदतीच्या रांगेत सापडते. तेथे देवाने काहीच केलेले नव्हते. जे केले ते रांग लावणाऱ्यांनी केले.

मग आमचे मागणे काय? ते फार मोठे नाही. ओरिसातील वेंकटरायपूर व नोलियासाही या दोन किनारी गावांना ऑगस्ट २०२० मध्ये ‘त्सुनामीस सज्ज’ म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्कोची मान्यता मिळाली. त्यासाठी त्यांनी काही अचाट पराक्रम केला नाही. पाणी कोठवर येईल याचा नकाशा केला, पळण्याच्या वाटा ठरवून तेथे फलक लावले, कोणी कोणास उठवावयाचे ते नेमले, आणि सराव केला. महाराष्ट्राचा किनारा सातशे किलोमीटरांहून लांब आहे. आपल्या गावी असा नकाशा आहे काय, फलक मराठीत आहेत काय, शेवटचा सराव कोणत्या साली झाला व त्यास कोळीवाड्यातील बायका होत्या काय, हे चार प्रश्न प्रत्येक वाचकाने आपल्या नगरपालिकेस वा ग्रामपंचायतीस लेखी विचारावे व उत्तरे मागून घ्यावी. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून हाती आहे. दहा रुपयांची फी लागते. शाळामास्तरांनी पाचवीच्या भूगोलात २८ नोव्हेंबर १९४५ चा धडा स्वतःच्या जबाबदारीवर घालावा, परीक्षेत येवो वा न येवो. नारळी पौर्णिमेला बंदरावर सारा गाव जमलेलाच असतो. नारळ वाहून झाल्यावर तेथून उंच जागेपर्यंत एकदा सर्वांनी मिळून चालत जावे, आणि किती मिनिटे लागली ती देवळाच्या भिंतीवर लिहून ठेवावी.